जावरच्या मुशी

आमच्या सोलापूरच्या जमिनीखाली सगळा काळा पाषाण. त्यात शिशाची वा जस्ताची खाण निघण्याची आशाच नको. जस्त आम्हाला ठाऊक आहे ते छपरावरचे. नव्या पत्र्यावर जी वेडीवाकडी चमकदार नक्षी दिसते, ती थिजलेल्या जस्ताच्या स्फटिकांची असते, आणि ओरखडा पडला तरी लोखंडाच्या आधी जस्तच झिजत असल्यामुळे तिथे गंज सहजासहजी चढत नाही. हा धातू आपल्या देशात शतकानुशतके जिथे गाळला गेला, ते जावर पाहण्याची इच्छा पुष्कळ दिवसांची होती. उदयपूरला जाणे झाले तेव्हा ती पुरी झाली.

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर, अरवलीच्या कोरड्या डोंगरांत जावर आहे. तिथल्या डोलोमाइट खडकात शिशाचे आणि जस्ताचे खनिज एकत्र सापडते. जुन्या खाणकामगारांनी आग लावून खडक तापवला, त्याला तडे पाडले आणि मग तो फोडून काढला. पण खरी अडचण खाणीबाहेर होती. शिसे 327 अंशांना वितळते आणि भट्टीच्या तळाशी मुकाट्याने साचते. जस्ताचे तसे नाही. खनिजातून ते सुटे करायला सुमारे 1000 अंश उष्णता लागते आणि ते उकळते 907 अंशांना. म्हणजे हाती येते ती वाफ, आणि तिला हवा लागली की तिची पांढरी राख होते.

जावरच्या कारागिरांनी ही वाफ खालच्या दिशेने उतरवली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेले खनिज आणि कोळसा भरायचा, तोंडाला मातीची नळी जोडायची आणि मूस उलटी ठेवायची. उलटी केल्यावर आतला माल खाली पडू नये म्हणून तोंडात एक काडी खोवलेली असे. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. वर आग, मध्ये भोके पाडलेली मातीची तावदाने आणि खाली थंड कप्पा, तिथे जस्त थिजून भांड्यात जमे. एका भट्टीत अशा 36 मुशी एकदम लागत. मला सर्वांत आवडली ती ती काडी. इतकी क्षुल्लक वस्तू, पण तिच्यावाचून सगळा खटाटोप फुकट.

1980च्या दशकात हिंदुस्तान झिंक, ब्रिटिश म्युझियम आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून येथे संशोधन केले, तेव्हा या भट्ट्या ओळीने उभ्या सापडल्या. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट 1738 साली घेतले. जावरला हे काम त्याच्या कित्येक शतके आधी चालू होते. त्याने ही रीत इथूनच उचलली, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला त्या वादाची गरज वाटत नाही. भट्ट्या समोर आहेत, तेवढा पुरावा पुरे.

एकदा भाजलेली मूस पुन्हा कामाची नसे, म्हणून त्यांचे ढीगच्या ढीग पडले, आणि गावकऱ्यांनी त्याच मुशी रचून घरांच्या भिंती उभारल्या. अशा भिंतीशी उभे राहिले की उष्णतेने चकाकी आलेली मुशीची बाहेरची बाजू जवळून पाहता येते. जावरच्या खाणी आजही चालू आहेत. जस्त मात्र आता मुशीतून न काढता बहुतेक ठिकाणी विजेच्या साहाय्याने, विद्युत अपघटनाने वेगळे केले जाते.