तुम्ही विचारलंत म्हणून : मग झिजतं कोण?

"सिरॅमिक म्हणजे कपबशीच ना? ती ॲल्युमिनियममध्ये घालून धातू झिजायचा थांबतो?" ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकची पूड मिसळून ते कमी झिजेल असं करायचं, हे माझं काम. ते कळलं की लग्नाच्या पंगतीत किंवा लोकलच्या चौथ्या सीटवर हा प्रश्न हमखास येतो. शेजारच्या काकूंनी परवा पुन्हा विचारला, म्हणून एकदा नीट सांगते.

कपबशी नाही. सिलिकॉन कार्बाइड. काळ्या पॉलिशपेपरवर जी चमचमणारी पूड असते, तीच. ती रव्यासारखी आधी भाजून घ्यायची, ॲल्युमिनियम ७०० अंशांच्या वर वितळवून त्यात भोवरा उठवायचा आणि पूड हळूहळू सोडायची. घाई केली की गुठळ्या होतात. उपमा करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की धातू या पुडीला सहजी भिजवत नाही, म्हणून टक्काभर मॅग्नेशियम घालावं लागतं.

आता झीज. मुंबईचा डांबरी रस्ता आठवा. टायरचा मार डांबर खात नाही, खडी खाते. डांबराचं काम खडी धरून ठेवायचं. आमच्या मिश्रणातही मऊ ॲल्युमिनियम जरा आत राहतं आणि कडक कण वर उभे राहून भार घेतात. पण जुलैत काय होतं? पकड सुटते, खडी बाहेर येते आणि चाकाखाली तीच खडी उरलेला रस्ता खरवडते. धातूतही भार फार वाढला की कण फुटतात किंवा उपटून निघतात, आणि ज्याला राखणीला ठेवला तोच घासायला लागतो. म्हणून नुसते कण वाढवून भागत नाही. पकड कच्ची असेल तर जास्त कण म्हणजे जास्त सुटी खडी.

झीज मोजायची चाचणी दिसायला अगदी साधी आहे. करंगळीएवढी पिन, खाली फिरणारी कडक पोलादी चकती. २० न्यूटन भार, सेकंदाला १ मीटर वेग, १००० मीटर अंतर. सतरा मिनिटांत काम संपतं. पिनचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. पहिल्या वर्षी माझी एक पिन घासून झाल्यावर वजनात भरली! काटा बिघडला म्हणून मी तीनदा तोलली, पावसाळी हवेला दोष दिला. मग भिंगाखाली पाहिलं, तर पिनच्या तोंडावर तपकिरी, लोखंडी लेप बसलेला. खालची चकती पाहिली, तिला बोट लावलं की जाणवेल असा चर.

तर काकू, झिजतं ते समोरचं. झिजणं एकट्या धातूचा गुण नसतो, जोडीचा असतो. 'आमचा नमुना इतके टक्के कमी झिजला' असं छापणारे चकतीचं काय झालं ते बरेचदा सांगतच नाहीत, याचा मला राग येतो. गाडीत तर दोन्ही भाग आपलेच असतात. टोयोटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल इंजिनच्या पिस्टनमध्ये सिरॅमिक तंतू घातले, तेही फक्त रिंगच्या खाचेपाशी, जिथे गरज होती तिथेच. मला ते शहाणपणाचं वाटतं.

याची सगळ्यात मोठी झळ साकीनाक्याला लेथवर आमच्या पिना कापून देणाऱ्या टर्नरकाकांना बसली. या मिश्रणाचा पहिला ओतीव गट्टू मी न सांगताच त्यांच्याकडे दिला होता. अर्ध्या पिना होईस्तोवर लेथच्या हत्याराच्या टंगस्टन कार्बाइडच्या दोन टिपांची धार गेली. "मॅडम, ह्यात रेती घातलीय काय?" म्हणाले. मी हो म्हटलं. टिपांचे पैसे दिले, वर चहा पाजला. या कामाला हिऱ्याची टिप लागते, आणि ती विकत घ्यायला माझ्या प्रकल्पाच्या बजेटात पुढची दोन वर्षं जागा नव्हती.

आता ते माझं काम शनिवारी शेवटी घेतात, जुन्या टिपा त्यासाठी डब्यात साठवून ठेवतात, आणि गट्टू लेथवर बांधण्याआधी विचारतात, "साधा की रेतीवाला?"