मुलाखतीचा शर्ट आधी खांद्याला बसू द्या

जुलै लागला की आमच्या सांगलीच्या दुकानात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं यायला लागतात. कॅम्पस मुलाखतींचा हंगाम. हातातल्या पिशवीत नवा कोरा रेडिमेड शर्ट, आणि मागणी एकच, "काका, जरा फिटिंग करून द्या ना." वडिलांच्या वेळेपासून शिलाईचं काम करतोय, त्यामुळे माझी नजर आधी पोराच्या खांद्याकडे जाते.

बाही जोडलेली शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. ती इंचभर खाली ओघळली की सहा फुटी पोरगाही थोरल्या भावाचा शर्ट घालून आल्यासारखा दिसतो. बाकीचं सगळं मी करून देतो. बाजू आत घेतो, बाही आखूड करतो, उंची कमी करतो. खांद्याला हात घालायचा तर अर्धा शर्ट उसवावा लागतो, आणि तेवढ्या मजुरीत थोडी भर घातली की नवा शिवून होतो. म्हणून विकत घेतानाच खांदा बघा. वरचं बटण लावून गळ्यात दोन बोटं जातात का, तेही बघा. आणि तिथल्याच स्टुलावर जरा बसा! मुलाखत बसून असते आणि कपडे आपण उभं राहून घालून बघतो. बसल्यावर पोटावरची बटणं ताणली, तर तो शर्ट तुमचा नाही.

शिवून घेणार असाल तर फुल बाहीला ३६ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, सव्वादोन मीटर कापड आणा, ५८ इंची असेल तर १.६० मीटर पुरतं. सुती कापड बेतायच्या आधी पाण्यातून काढायलाच हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर जाते. दिसायला सुतीच छान, पण होस्टेलवर राहणाऱ्याला पावसाळ्यात मी टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड, सांगतो. रात्री धुतलं तर सकाळी अंगात घालता येतं, आणि एसटीत चुरगळत नाही. रंग पांढरा घ्या. राखाडी शर्टावर काखेतला घाम लगेच दिसतो. पांढऱ्याच्या आत साधी बनियन, चित्राचा टी-शर्ट नको.

ब्लेझर भाड्याने आणावा का, हे पोरं दबक्या आवाजात विचारतात. कंपनीने सांगितलं नसेल तर अजिबात आणू नका. दुसऱ्याच्या मापाच्या कोटात माणूस अवघडतो, आणि ते पैसे घरून मागवावे लागतात याचं मला फार वाईट वाटतं.

मागे तासगावकडचा एक मुलगा वडिलांची टेरिवूलची पँट घेऊन आला होता. कंबर चार इंच आत घ्यायची होती. नुसती मागून घेतली असती तर मागचे खिसे एकमेकांना भिडले असते, म्हणून सगळी उसवली आणि नव्याने बेतली. मुलगा वडिलांपेक्षा उंच, पण जुन्या शिंप्याने पायाला आत चांगली दोन इंच माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती, ती सोडली आणि उंची बरोबर आली. रेडिमेडमध्ये एवढी माया कोण ठेवतो? त्या पँटमध्ये तो आरशासमोर उभा राहिला तेव्हा महागडा सूट घेतलेल्या मुलांपेक्षा मला तोच रुबाबदार वाटला.

मुलींची मापं माझी पत्नी घेते. तिचं सांगणं असं की साडीची सवय नसेल तर त्या दिवशी नेसू नका, साधा कुर्ता उत्तम. फक्त खुर्चीत बसल्यावर बाजूचा कट किती वर जातो ते बघून घ्या. फोनसाठी खिसा हवा असेल तर शिवायच्या आधी सांगा.

आणि आदल्या संध्याकाळी येऊ नका, चार दिवस आधी या. येताना मुलाखतीला घालणार तेच बूट पायात असू द्या, पँटची उंची मी त्यावरच घेतो.