हिरवी टिक आली म्हणजे शिकलं का?
आज कुपवाड एमआयडीसीत ट्रेनिंगच्या एलएमएसवरून (ऑनलाइन कोर्स चालवणारी आणि कुणी काय पूर्ण केलं ते नोंदवणारी सिस्टीम) मीटिंग झाली. साहेब खूश, कारण डॅशबोर्डवर सगळी नावं हिरवी! पण 'पूर्ण' हा शेरा बहुतेक वेळा सिस्टीम स्वतः ठरवत नाही. कोर्सची फाइल तसा निरोप पाठवते, सिस्टीम फक्त नोंदवून घेते. कोर्स बनवणाऱ्यानं 'शेवटची स्लाइड उघडली की पूर्ण' असं ठेवलं असेल, तर नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट दाबणाराही पास.

वर्कशॉपमधला एक पोरगा टूलबॉक्सवर मोबाईल टेकवून, डबा खात खात आगीच्या सुरक्षेचा कोर्स संपवत होता. विचारलं, "विजेच्या आगीवर कुठला सिलिंडर मारायचा रे?"
"लाल, दादा."
(आमच्याकडं सगळेच लाल हायत!)

अकाउंट्सवाल्यांचं दुसरंच. एलएमएस म्हणजे लाखांचा चुराडा, असं डोक्यात बसलेलं. अहो, मूडल नावाचं एलएमएस २००२ पासून आहे, ओपन सोर्स, लायसन्सला पैसा नाही. सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस मात्र लागतो, तो काय फुकट मिळत नाही.

शेवटी ठरलं: सिलिंडर हातात देऊन प्रात्यक्षिक घ्यायचं, आणि सुपरवायझरनं समोर बघून टिक केल्याशिवाय कोर्स पूर्ण नाही. सुपरवायझर मंडळी आत्तापासूनच कुरकुरायला लागलीत, कारण आधी त्यांनाच शिकावं लागणार!