आमची वाटचाल: वायपर मोटारीपासून कासवापर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या गाळ्याचा मूळ धंदा जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. फौंड्रीचे ब्लोअर, लेथच्या मोटारी, खानापूरकडच्या शेतकऱ्यांचे पंप, आणि जोडीला थोडंफार पॅनेल वायरिंग. शेजारी बिडाचं ओतकाम करणारे, पलीकडे गेअर कापणारे, मागच्या गाळ्यात हायड्रॉलिक पंपवाले. कामाला तोटा नव्हता आणि अडलं तर विचारायला लांब जावं लागत नव्हतं. आज मात्र आमच्या गल्ल्यात जास्त पैसा येतो तो मोटार ड्रायव्हर (मोटारीला लागेल तेवढी वीज सोडणारी छोटी सर्किटं), सेन्सर, छोटे गेअर आणि आम्ही स्वतः बनवलेल्या कंट्रोलर बोर्डांतून. त्यासाठी आम्ही काही आराखडा आखला नव्हता. गणपती मंडळाच्या पोरांनी धंद्याचं तोंड तिकडं फिरवलं.

बेळगावात गणपतीला हलता देखावा पाहिजेच. मूर्ती कितीही मोठी असू दे, हनुमानाचा हात वर गेला नाही तर लोक मंडपात थांबत नाहीत. श्रावण लागला की कार्यकर्ते दारात हजर: "मामा, भंगारातनं वायपर मोटार आणलीय, राक्षसाची मान हलवून द्या की." वायपर मोटारीवर साऱ्या मंडळांचा जीव, आणि तो उगीच नाही. ती 12 व्होल्टवर चालते. आत वर्म गेअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गेअर, असल्यामुळे फेरे कमी आणि जोर भरपूर. लाइट गेली तरी उचललेला हात धाडकन खाली येत नाही, असेल तिथंच अडकून राहतो. शिवाय काच पुसून झाली की दांडी एका ठरावीक जागी थांबवायचा संपर्क तिच्या आतच असतो, त्यामुळे प्रत्येक फेरी जिथून सुरू झाली तिथंच संपते. गाडीसाठी केलेली वस्तू देखाव्यासाठीच केली असावी असं वाटतं.

एका वर्षी कालियामर्दनाचा देखावा आला. पाच फणे, आणि ते एकदम नव्हे तर लाटेसारखे एकामागून एक उठले पाहिजेत. आमच्याकडे येणाऱ्या पोरांत एक इंजिनिअरिंगचा होता. तो म्हणाला, प्रत्येक फण्याला एक सर्वो, म्हणजे सांगू तितकीच फिरणारी छोटी मोटार, लावू, प्रोग्रॅम लिहू, वेळ पाहिजे तशी बदलता येईल. शेजारच्या फौंड्रीत ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करणारे मामा ऐकत होते. त्यांनी खिशातला खडू काढून फरशीवर एक वर्तुळ काढलं, त्याचे पाच भाग केले आणि म्हणाले, "एकच शाफ्ट घे. त्यावर पाच कॅम. प्रत्येक कॅम आधीच्यापेक्षा 72 अंश पुढं. झालं तुझं." कॅम म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेली चकती, फिरताना ती वरची दांडी उचलते आणि सोडते.

दोघांचंही करून बघितलं. शंभर-सव्वाशेच्या निळ्या सर्वोचं वजन 9 ग्रॅम आणि आतले गेअर प्लॅस्टिकचे. थर्माकोल आणि कागदाच्या लगद्याचा फणा त्याला काही झेपेना, दुसऱ्याच संध्याकाळी आतून करकर आवाज आला आणि दाते गेले. मामांचे सागवानी कॅम, कडेला मेणबत्ती घासलेले, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दहाही दिवस फिरत राहिले. पण मामांना जे जमलं नसतं ते सर्वोनं केलं. पाची डोक्यांची जीभ आणि डोळे, हलक्या पुठ्ठ्याचे, बासरी वाजायला लागली की लवलवायचे आणि थांबली की मिटायचे. तो प्रोग्रॅम पोरानं लिहिला आणि मामा रोज संध्याकाळी तेवढंच बघायला यायचे.

अनंत चतुर्दशी झाली, मंडप उतरले, तरी पोरं यायची थांबली नाहीत. हौसेला मोल नसतं म्हणतात, खरं मोटारीला असतं. रोज कोण फुकट देणार? म्हणून शटरजवळ एक जुनं टेबल टाकलं आणि खाली एक पेटी ठेवली. पेटीत भंगारातला माल: प्रिंटरच्या स्टेपर मोटारी, झेरॉक्स मशिनचे शाफ्ट आणि पट्टे, सीडी ड्राइव्हचे ट्रे. टेबलावर एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न. रविवारी सकाळी गाळा बंद असायचा तो या टेबलापुरता उघडायला लागलो.

वेळही बरी होती. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरून दिवे-मोटारी चालवायचा छोटा बोर्ड, तयार झाला, तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी नव्हे तर डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी. त्याचं डिझाइन खुलं ठेवलं, म्हणून स्वस्तातल्या नकला जगभर निघाल्या आणि त्या आमच्या काउंटरपर्यंत आल्या. आयटीआयचा फिटर असो की नववीतली पोरगी, आठवडाभरात दिवा लुकलुकवायला शिकतो. दिवा लुकलुकला की पुढचं कुणाला शिकवावं लागत नाही.

टेबलावर सगळ्यात जास्त हसू कासवानं आणलं. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदू-संशोधकानं 1948-49 च्या सुमारास तीन चाकांची यांत्रिक कासवं केली होती. आत फक्त दोन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे, तरी ती उजेडाकडे जायची, अडथळा लागला की वळायची. आमच्या पोरांनी त्याहून सोपं केलं, कॉम्प्युटर नाही, प्रोग्रॅम नाही. पुढं डोळ्यांच्या जागी दोन एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारे सुटे भाग, मागं दोन पिवळ्या मोटारी. डाव्या डोळ्यावर उजेड जास्त पडला की उजवी मोटार जोरात, म्हणजे गाडी आपोआप डावीकडे, उजेडाकडे वळते. तारा नुसत्या अदलाबदल केल्या की तेच कासव उजेडाला घाबरून टेबलाखाली पळतं. वर नारळाची करवंटी. एका संध्याकाळी समोरच्या रस्त्यावरून बुलेट गेली आणि तिच्या हेडलाइटमागं हे महाशय उंबऱ्यावरून खाली गटारीच्या कडेला जाऊन पोचले. कारागीर, पोरं, चहावाला, सगळे मागं पळाले. तेव्हापासून चहावाल्याचा मुलगा टेबलाचा सभासद आहे.

टेबलाचा फायदा आम्हाला झाला तो मात्र वडगावच्या एका विणकर काकांमुळे. ते नातवाला सोडायला यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. एकदा पोरं हो-नाहीचा, शून्य-एकचा हिशेब समजून घेत होती, तेव्हा काका म्हणाले, "हे तर आमचं जॅकार्डचं कार्ड. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली." बरोबरच आहे, मागावर नक्षी ठरवणारी जॅकार्डची ती भोकांची कार्डं 1800 च्या पहिल्या दशकातली, कॉम्प्युटरच्या फार आधीची. काठाची नक्षी आयुष्यभर कार्डावर उतरवलेल्या माणसाला लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं) आणि कंडिशन (असं झालं तर तसं) शिकवायला लागलीच नाही. पोरांना त्यांनी शिकवली.

काकांची तक्रार वेगळी होती. ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला आणि लक्षात यायला उशीर झाला की वीतभर कापड खराब. मोठ्या मागांवर त्याला उपाय असतो: प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती लटकते, धागा तुटला की ती खाली पडून सर्किट जोडते आणि माग थांबतो. साध्या जुन्या मागाला ते कोण लावतंय? टेबलावर आधी इन्फ्रारेड सेन्सरनं करून बघितलं, इथं झकास चाललं. मागाच्या शेडमध्ये तासाभरात सुताची रुई सेन्सरवर बसली आणि तो आंधळा झाला. शेवटी जुनी पद्धतच घेतली. पडणारी पत्ती, पितळेची पट्टी, आमचा छोटा बोर्ड आणि रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), नाहीतर बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका बोर्ड जाळतो. हा बोर्ड आता आमचा चांगला खपणारा माल आहे, आणि प्रत्येक नगामागं काकांचा वाटा ठरलेला आहे.

शाळांचं काम आम्ही जपून घेतो. 2016 पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतच वस्तू बनवून शिकायच्या खोल्या, सुरू झाल्या, कल्पना उत्तम. पण एका शाळेत बोर्ड बसवायला गेलो तर खोकी पॅकबंद, कपाटाला कुलूप आणि किल्ली क्लार्ककडे. मुलांनी काही मोडलं तर उत्तर कोण देणार, ही भीती. मोडू द्यायचं नसेल तर घेतलं कशाला? तेव्हापासून शाळेला माल देताना सुट्या मोटारी आणि जास्तीचे गेअर दुपटीनं लावून देतो आणि मोडलेलं परत मागतो. वरच्या वर्गाला त्या मोडलेल्याचीच चिरफाड करायला देतात, असं एका बाईंनी सांगितलं. तयार रिमोट गाडीचा किट आम्ही ठेवत नाही. चार स्क्रू आवळले की संपतं, मग गाडी माळ्यावर.

काही माल विकायचाच नाही, हेही ठरलेलं आहे. 18650 सेलवर (चार्ज होणारा गोल लिथियम सेल) 9900 एमएएच, म्हणजे वीज साठवायची ताकद, छापलेलं दिसलं की तो गिऱ्हाइकाला परत. बाजारातला चांगला सेल साधारण 3500 च्या आसपास असतो, 9900 चा आकडा नुसती शाई. स्वस्तात मिळतो म्हणून भांडणारे येतात. येऊ देत.

सध्या टेबलावर वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाचं काम आहे. ट्रॉलीवर किल्ल्याचा दरवाजा उघडायचा, आतून मावळे बाहेर. अडचण जनरेटरची. डॉल्बीचा ठोका पडला की व्होल्टेज खाली येतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मावळे अर्ध्या वाटेवरून माघारी. बोर्डाला वेगळी बॅटरी दिली, अर्थिंग एकत्र केलं, पण मोटारीच्या ब्रशचा गोंगाट तारांतून अजून आत शिरतो. पॅटर्नवाल्या मामांचं मत एकच, कॅम लावा. पोरं ऐकत नाहीत, आणि या वेळी आम्हीही पोरांच्या बाजूला आहोत, कारण पुढच्या वर्षी तीच अडचण घेऊन आणखी मंडळं येणार.

टेबल रविवारी सकाळी नऊ ते एक उघडं असतं. मराठी, कन्नड, काहीही बोला. फी नाही. पेटीतला माल फुकट, काउंटरवरचा रोखीनं, मंडळांसकट. उधारी दसऱ्यानंतर वसूल होत नाही. मल्टिमीटर गाळ्याबाहेर जाणार नाही. लहान पोरांबरोबर घरचं मोठं माणूस पाहिजे, आणि त्या माणसानं नुसतं मोबाइल बघत बसायचं नाही, तारा सोलायला आम्हाला हात कमीच पडतात.