शी काळी होते, घाबरू नका

उत्तर नागपुरातल्या एका शाळेतल्या मुलींसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर बोलके निरोप पाठवतो. मिनिटभराचे, तेही आपल्या इकडच्या बोलीत. ‘रक्तक्षय’, ‘लोहयुक्त आहार’ असले शब्द आले की पोट्ट्या पुढचं ऐकत नाहीत. नंबर मात्र मुलींचे नसतात. कुणाच्या आईचा, कुणाच्या भावाचा. काहींचे बाबा रात्री ऑटो लावून घरी आले की मग निरोप ऐकायचा.

त्या आठवड्याचा निरोप होता माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटण्याबद्दल. अंगात लोह कमी असलं की असं होऊ शकतं, इतकंच सांगितलं होतं. रात्री उशिरा एक कुजबुजता आवाज आला, ग्रुपवर नाही, थेट माझ्या नंबरवर. “मॅडम, मले रोज पाटीची पेन्सिल खा वाटते जी. सुटतच नाही. कोणाले सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांचीच तपासणी होती, ते एक बरं झालं. तिला वेगळं बोलवावं लागलं नाही. नववीतली पोरगी. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात करडा चुरा. नखं मधे खोलगट झालेली. पापणी खाली ओढली तर आतली लाली जवळजवळ गेलेली. बोटाला टोचलं, मशीनवर आकडा आला ७.४. या वयात हिमोग्लोबिन किमान १२ हवं; ८ च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के ॲनिमियाग्रस्त असल्याचं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे, त्यामुळे दहा-अकराचे आकडे आम्हाला रोजचेच. सात पाहून मात्र मी मशीन पुसून पुन्हा टोचलं. तोच आकडा.

“अन् शाळेत मिळते ती लोहाची निळी गोळी?”

“फेकून देतो. शी काळी होते.”

घ्या! जास्तीचं लोह बाहेर पडतं म्हणून शी काळी होते, त्यात भ्यायचं काही नाही. पण भरल्या वर्गात हे विचारणार कोण? फोनवर रात्री विचारता येतं. माझ्या लेखी या निरोपांचा खरा उपयोग हाच, बाकी माहिती काय, भिंतीवरच्या पोस्टरवरही असते.

आई दुपारी कामावरून तशीच आली. पाळी आठ-आठ दिवस जाते म्हणाली, “पण आमच्यात सगळ्यायचंच असं हाये.” घरात कोणाला सिकल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का, हे विदर्भात विचारावंच लागतं. सिकलसेल असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. पोरीच्या मामाला होता. म्हणून लगेच मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पाठवलं. सिकलची चाचणी निगेटिव्ह आली. जंताची गोळी, लोहाची गोळी आता आठवड्याला नाही तर रोज, आणि पाळीसाठी वेगळी तपासणी. चहासोबत गोळी नको, जेवणानंतर घे, वर संत्र्याच्या दोन फोडी, असं मी बजावलं. संत्री स्वस्तच होती तेव्हा.

पुढचा निरोप ठरलेला बाजूला ठेवला आणि काळ्या शीवरच केला. त्या रात्री फोन थांबेना. एका पोरीच्या बाबांनी विचारलं, “मॅडम, हे गोळी आमच्या घरच्यायले चालते का? त्याही लय थकतात.”

आधी त्यांना तपासायला घेऊन या, म्हटलं.