पैसे दिले, तरी घरावर बोजा

किचनचं काम संपलं, कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा चेकही वटला. तीन आठवड्यांनी पत्र आलं: टाइल्सवाल्याने आमच्या घरावर ११,४०० डॉलरचा मेकॅनिक्स लीन, म्हणजे कामाच्या थकलेल्या पैशांपोटी घरावर हक्क, नोंदवलाय. कॉन्ट्रॅक्टरने त्याचे पैसे बुडवले होते आणि आता तो आमचाही फोन घेत नव्हता. साताऱ्याहून बाबा म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढला म्हण की!"

कॅलिफोर्नियात लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा लावला नाही, तर त्या लीनची वसुली करता येत नाही. आम्ही दिवस मोजत बसलो. दावा आला नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी घरी श्रीखंड केलं.

घाई केली. घराचं कर्ज नव्या दराने बदलून घ्यायला, रिफायनान्सला गेलो, तर घराची मालकी तपासणारी टायटल कंपनी म्हणते, मुदत संपली असेल, पण रेकॉर्डवर दिसतोय ना! रिलीज, म्हणजे लीन सोडल्याचा टाइल्सवाल्याच्या सहीचा कागद, आणा. रेकॉर्डर ऑफिसात खिडकीवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही कागद नोंदवतो, पुसत नाही." तीन खेपा घातल्या, तीनदा हेच वाक्य. बाबांनी पीककर्ज फेडलं, तेव्हाही सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे पोचेपर्यंत बोजा हलला नव्हता. इथे तर दाखला देणाराच रुसलेला. "माझे पैसे बुडाले, मी सही का करू?" टाइल्सवाल्याचं हे म्हणणं चूक नव्हतं, त्यामुळे जास्तच चिडचिड झाली.

शेवटी वकिलाकडून रजिस्टर्ड पत्र धाडलं: दहा दिवसांत रिलीज द्या, नाहीतर कोर्टात अर्ज करू, आणि हरलात तर आमच्या वकिलाची फीही तुमच्यावर बसू शकते. आठव्या दिवशी नोटरी केलेला रिलीज आला. तो मीच जाऊन नोंदवला, त्याच खिडकीवर. तोवर रेट लॉक, म्हणजे बँकेने ठरावीक दिवस धरून ठेवलेला व्याजदर, संपला होता.

हो, काम चालू असताना एक 'प्रिलिमिनरी नोटीस' आली होती. जाहिरात समजून मी ती रद्दीत टाकली. टाकू नका! उद्या कोण लीन लावू शकतो, ते बहुतेक वेळा तिच्यावरूनच कळतं. अशी नोटीस धाडणाऱ्या प्रत्येकाची पैसे पोचल्याची सही घेतल्याशिवाय शेवटचा चेक सोडू नका, किंवा चेक कॉन्ट्रॅक्टर आणि तो, अशा दोघांच्या नावे काढा. मुख्य कॉन्ट्रॅक्टरची पावती इथे पुरत नाही.

लायसन्स बोर्डाकडे तक्रार दिलीय. टाइल्सवाल्यालाही सांगितलं, कॉन्ट्रॅक्टरचा लायसन्ससाठी २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, असतो, त्यावर दावा करून बघ. त्याने "बघतो" म्हणून फोन ठेवला.