उलटी गिटार, खेचलेली तार

मूळ नक्षत्रावर मूल जन्मले की त्याची शांत करण्याची चाल आपल्याकडे आहे, त्यामुळे ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या नावाचा अर्थ मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. अल्बर्ट किंग या ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचे दुःखगाणे) गायक-गिटारवादकाचा हा अल्बम अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीने १९६७च्या ऑगस्टमध्ये काढला. मुखपृष्ठावर काळे मांजर, तेरा तारखेचा शुक्रवार, इस्पिकचा एक्का आणि कवटी अशी अपशकुनांची रासच मांडलेली आहे. शीर्षकगीताचे शब्द विल्यम बेलचे आणि चाल बुकर टी. जोन्सची. त्या काळी अमेरिकेत राशी-नक्षत्रांच्या गप्पांना जोर होता आणि बेलने नेमका तोच धागा उचलला. त्यातून उभा राहिला तो जन्मापासून दैव फिरलेला एक माणूस, ज्याला दुर्दैव नसते तर नशीब म्हणावे असे काहीच वाट्याला आले नसते.

गेली वीस-बावीस वर्षे मी हा अल्बम ऐकते आहे. त्याची थोरवी सांगताना लोक बहुधा अल्बर्ट किंगच्या गिटारपासून सुरुवात करतात. माझ्या मते मात्र ती गिटार इतकी मोठी का वाटते हे समजण्यासाठी आधी तिच्या मागे वाजणाऱ्या माणसांकडे कान द्यायला हवा.

स्टॅक्सचा स्टुडिओ मेम्फिसच्या मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या एका जुन्या चित्रपटगृहात होता. खुर्च्या काढून टाकल्या होत्या, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवलेली होती. तिथले नेहमीचे वादक म्हणजे ऑर्गन-पियानोवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड ‘डक’ डन आणि ड्रमवर अल जॅक्सन. दोघे कृष्णवर्णीय आणि दोघे गोरे असलेले हे चौघे, वर्णभेदाने चिरफाळलेल्या त्या शहरात रोज एका खोलीत बसून वाजवत. त्यांचा हात बसला होता तो सोल या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीच्या संगीतावर. सोल गायक ओटिस रेडिंगच्या गाण्यांमागे हेच असत. मार्च १९६६ ते जून १९६७ या काळात अधूनमधून झालेल्या ध्वनिमुद्रणांत अल्बर्ट किंग त्यांच्यासमोर उभा राहिला, तेव्हा ब्लूजच्या ठरीव बारा बारच्या (चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या) चौकटीत एक वेगळेच वजन आले. शीर्षकगीतातली बेसची ती जड, अडखळत चालल्यासारखी वाटणारी ओळ ऐका, किंवा ‘क्रॉसकट सॉ’मध्ये अल जॅक्सनने धरलेला झुलता, जवळजवळ लॅटिन ठेका ऐका. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन थोडक्यात बोलतात आणि बाजूला होतात. कोणीही जागा अडवत नाही, आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत किंगची तार बोलते.

ती तार तो कशी वाजवत असे, हे जरा सविस्तर सांगायला हवे. अल्बर्ट किंग डावखुरा होता. डावखुरे वादक साधारणपणे गिटारच्या तारा उलट क्रमाने चढवून घेतात. त्याने तसे केले नाही. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा चढवलेली गिटारच त्याने उलटी धरली, त्यामुळे सर्वांत पातळ तार वर, छातीकडे आली आणि जाड तार खाली, जमिनीकडे गेली. ‘लूसी’ हे नाव दिलेली त्याची गिब्सन फ्लाइंग व्ही इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची होती, म्हणून उलटी धरली तरी तिचे रूप फारसे बिघडत नसे. इतर वादक पातळ तार बोटांनी वर ढकलतात, तो ती खाली ओढत असे, आणि ओढण्यात तळहाताचे आणि मनगटाचे सगळे बळ लावता येते. तार छेडायला तो प्लास्टिकची पट्टी वापरत नसे, अंगठाच वापरत असे.

सतारीवर तार आडवी ओढून मींड कशी घेतात हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या ओढण्याचे मर्म चटकन कळेल. किंगचा सूर एका जागेवरून निघतो, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या कुठल्यातरी बिंदूवर क्षणभर रेंगाळतो, तिथे थरथरतो आणि मग पुढे जातो किंवा तिथूनच मागे फिरतो. पियानोच्या पट्ट्यांवर हा बिंदू सापडत नाही. एकदा माझी साधी गिटार मीही उलटी धरून ‘ओह, प्रिटी वूमन’मधली पहिली ओढ काढू पाहिली. तार नखाखाली रुतली, बोटाच्या टोकावर लाल रेघ उमटली, आणि सूर जेमतेम अर्धा स्वर वर चढून थांबला. किंग तीच तार एका झटक्यात दीड-दोन स्वर वर नेत असे, आणि वर नेऊन तिथे धरून ठेवत असे. हे धरून ठेवणे सर्वांत अवघड आहे.

या वादनाचे पडसाद अल्बम बाजारात येण्याआधीच उमटू लागले होते, कारण यातली काही गाणी आधी सुट्या तबकड्यांवर निघाली होती. क्रीम या इंग्रज त्रिकुटाच्या ‘स्ट्रेंज ब्रू’मधले एरिक क्लॅप्टनचे एकल वादन ‘ओह, प्रिटी वूमन’च्या इतके जवळचे आहे की दोन्ही एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला ऋण लगेच ओळखू येते. १९६८मध्ये क्रीमने शीर्षकगीतही वाजवले. याच अल्बममधले ‘द हंटर’ हे गाणे फ्री या तरुण इंग्रज बँडने उचलले. फेब्रुवारी १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि इंग्रज ब्लूज गायक जॉन मेयल यांच्याबरोबर अल्बर्ट किंग वाजवायला आला, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या या धिप्पाड माणसासमोर गोऱ्या तरुणांचा एक नवा श्रोतृवर्ग बसला होता. पुढे टेक्ससच्या स्टीव्ही रे व्हॉन या गिटारवादकाने इंग्रज गायक डेव्हिड बोवीच्या १९८३मध्ये आलेल्या ‘लेट्स डान्स’ अल्बममध्ये जी गिटार वाजवली, तिच्यात किंगची ओढ उघड ऐकू येते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या दूरचित्रवाणी स्टुडिओत हे दोघे एकत्र वाजवायला बसले. त्या मुद्रणात व्हॉन पुष्कळ स्वर घेतो, वेगाने घेतो आणि उत्तम घेतो. किंग ऐकत राहतो आणि मग एकच स्वर ओढतो. व्हॉन थोर वादक होता यात मला तिळमात्र शंका नाही, पण माझा कान दर वेळी त्या एका स्वरापाशीच जाऊन थांबतो.

किंगची वाक्ये पुष्कळांनी उचलली. ती उचलता येतात, कारण ती मोजकीच आहेत आणि तो ती पुन्हा पुन्हा वापरतो. दोन वाक्यांमधला त्याचा श्वास मात्र फार थोड्यांच्या हाती लागला. तो आधी गातो आणि गाणे थांबले की गिटार वाजवतो. दोन्ही एकाच वेळी तो सहसा करत नाही, त्यामुळे गिटार ही त्याच्या गळ्याचीच पुढची ओळ होते.

‘अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय’ हे याच अल्बममधले संथ, उदास गाणे मी रात्री उशिरा ऐकते. सोडून जाणाऱ्या माणसापुढे आपले काही चालत नाही, असे सांगणारी त्यातली सुरुवातीची ओळ ड्यूएन ऑलमन या अमेरिकी गिटारवादकाने कित्येक पटींनी वेगात वाजवली आणि त्यातून १९७०मध्ये क्लॅप्टनच्या ‘लैला’ या गाण्याची ती जगप्रसिद्ध गिटारधून तयार झाली. इथे मात्र किंग ती ओळ अगदी सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो. मग तो थांबतो, आणि पातळ तार हलकेच खाली ओढली जाते.